पिंक फ्लॉइडचा 'द डिव्हिजन बेल': समीक्षकांनी अल्बम ऐकला, की फक्त वॉटर्स नसल्याचं पाहिलं?

मध्यलय

२८ मार्च १९९४ ला इंग्लंडमध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'द डिव्हिजन बेल' आला. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. 'एंटरटेनमेंट वीकली'ने 'डी' श्रेणी दिली, म्हणजे नापासाच्या एकच पायरी वर. 'रोलिंग स्टोन'ने पाचांतले अडीच तारे हातावर ठेवले. बँडचा जुना गीतकार-बासवादक रॉजर वॉटर्सने तर पहिल्यापासून शेवटपर्यंत कचरा असं म्हणून विषयच मिटवला.

माझं म्हणणं असं, की वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडल्यानंतर या बँडचं काहीही ऐकताना लोकांच्या डोक्यात आधी बँडच्या नावावरून झालेला तो खटला सुरू होतो आणि गाणं मग. १९८७ च्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'बद्दल ती तक्रार रास्त होती. त्यात निक मेसनने ड्रम्स फारसे वाजवलेच नाहीत, भाड्याचे वादक आणि ड्रम मशीन यांनी ती जागा भरली. कीबोर्डवाला रिक राइट नावापुरता होता. तो खरं तर गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोरचा एकट्याचा अल्बम.

'डिव्हिजन बेल' तसा नाही. १९९३ च्या सुरुवातीला गिल्मोर, मेसन आणि राइट तिघंच लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत काही न ठरवता वाजवत बसले. त्यातून साठाच्या वर तुकडे निघाले. मग बास वाजवायला गाय प्रॅट आला. पुढचं बरंचसं काम थेम्सवरच्या गिल्मोरच्या 'ॲस्टोरिया' या हाउसबोटीवर झालं. 'वेअरिंग द इनसाइड आउट' राइटने गायलंय. 'डार्क साइड ऑफ द मून' नंतर फ्लॉइडच्या अल्बमवर तो मुख्य गायक म्हणून पहिल्यांदाच ऐकू येतो. 'विश यू वेअर हिअर' नंतर रचनाकार म्हणून त्याचं नावही पहिल्यांदाच लागलं. 'द वॉल'च्या वेळी ज्याला बँडमधून काढलं आणि नंतर पगारी वादक म्हणून स्टेजवर उभं केलं, तो माणूस परत येऊन गातोय! माझ्या लेखी हाच या अल्बमचा गाभा आहे, आणि मी वाचलेल्या परीक्षणांत तो कडेला पडलाय.

तुमचं मत काय? अन्याय झाला का? आणि आज ऐकताना अल्बम कसा वाटतो?

गिटारवाला_सांगली

रुमाल टाकून ठेवतो. यातल्या 'मरून्ड'ला कुणी नावं ठेवली तर रात्री झोप लागणार नाही मला.

खरे_बोला

अन्याय वगैरे काही नाही. शब्द सपक आहेत आणि समीक्षकांनी तेच सांगितलं.

वॉटर्सचा बाप १९४४ मध्ये अँझिओच्या लढाईत मारला गेला, तेव्हा हा जेमतेम काही महिन्यांचा होता. 'द वॉल' त्या पोकळीतून आलाय. 'ॲनिमल्स'मध्ये त्याने सगळ्या समाजाची कुत्री, डुकरं आणि मेंढ्यांत वाटणी केली. पटो न पटो, त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. 'डिव्हिजन बेल' काय सांगतो? माणसांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. बरं, मग? 'अ ग्रेट डे फॉर फ्रीडम' बर्लिनच्या भिंतीपासून निघतं आणि दोन कडव्यांत खासगी विरहात शिरतं. भिंत पडल्यावर पूर्व युरोपात जे घडलं त्याला ते गाणं नुसता ओझरता स्पर्श करतं.

सूर गोड आहेत, मान्य. पण फ्लॉइडकडून फक्त गोड सूर मागायचे असतील तर मग फ्लॉइड कशाला?

सातारची_सई

@खरे_बोला, "मग फ्लॉइड कशाला" हे भारी! पण 'इकोज' तेवीस मिनिटांचं आहे आणि त्यात शब्द किती? फ्लॉइड म्हणजे शब्द, हे समीकरण 'डार्क साइड'पासूनचं. त्याआधीही बँड होता की.

मृण्मयी_के

शब्दांवर बोलणं निघालंच आहे तर पॉली सॅमसनबद्दल लिहिते. अकरापैकी सात गाण्यांच्या शब्दांत तिचा हात आहे. ती पत्रकारितेतून आलेली, पुढे कथा-कादंबऱ्या लिहिणारी बाई. पण तेव्हा ती गिल्मोरची मैत्रीण होती आणि त्याच वर्षी जुलैत त्यांचं लग्न झालं, म्हणून तिची ओळख 'गिल्मोरची बायको' अशीच राहिली. 'बँडमध्ये बायको घुसली' हा सूर चाहत्यांच्या गप्पांत मी कितीदा ऐकलाय. हाच अल्बम एखाद्या पुरुष मित्राने लिहून दिला असता तर कुणी त्याच्या लग्नाची चौकशी केली नसती. 'वेअरिंग द इनसाइड आउट'चे शब्द अँथनी मूरचे आहेत, त्याच्याबद्दल चकार शब्द नाही निघत.

आता 'हाय होप्स' घ्या. केंब्रिजमधलं बालपण, मित्र, मागे राहिलेला गाव, वय झाल्यावरही न शमलेली ओढ. गिल्मोरला हे सगळं माहीत होतं, पण स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिण्याची त्याला सवय नव्हती. सॅमसनने त्याला तिकडे नेलं असं मला वाटतं. अल्बमचं नावही त्याच गाण्याच्या शब्दांतलं आहे. ते 'हिचहायकर्स गाइड'वाल्या डग्लस ॲडम्सने सुचवलं आणि बदल्यात त्याने सांगितलेल्या संस्थेला बँडने देणगी दिली. ज्या शब्दांतून ॲडम्ससारख्या माणसाने अल्बमचं नाव उचललं, ते सगळेच सपक कसे?

खरे_बोला

@मृण्मयी_के, 'हाय होप्स' वगळून बोलतोय मी. ते गाणं कुठल्याही अल्बममध्ये शोभेल. पण एका गाण्यावर ६६ मिनिटं तगत नाहीत. आणि सॅमसनबद्दल वैयक्तिक काही म्हणायचं नाही, माझी तक्रार ओळींशी आहे.

फेनकाठचा_जोशी

मी केंब्रिजजवळ राहतो, म्हणून थोडं मुखपृष्ठाबद्दल. ती दोन मोठी मुंडकी ईलीजवळच्या एका शेतात उभी केली होती. मुखपृष्ठकार स्टॉर्म थॉर्गर्सनची कल्पना. दोन चेहरे समोरासमोर बोलतायत आणि नीट पाहिलं तर दोन्ही मिळून समोरून पाहणारा तिसरा चेहरा होतो. त्यांच्या मधून क्षितिजावर ईलीचं कॅथेड्रल दिसतं.

हा सगळा फेन्सचा भाग म्हणजे पाणी उपसून काढलेली दलदल. तव्यासारखी सपाट. काळी माती, सरळ रेषेत खणलेले चर, आणि वर आभाळच आभाळ. कॅथेड्रल मैलोन्‌मैल लांबून दिसतं, म्हणून इथले लोक त्याला 'फेन्सचं जहाज' म्हणतात. हिवाळ्यात सकाळी धुकं जमिनीला धरून असतं आणि वर फक्त मनोरा दिसतो. 'हाय होप्स'च्या सुरुवातीची घंटा, माशीची गुणगुण आणि दूरचे आवाज या प्रदेशात जसेच्या तसे ऐकू येतात. परीक्षण लिहिणाऱ्याने लंडनच्या कचेरीत बसून ते ऐकलं असेल तर त्याला ते साउंड इफेक्ट वाटणारच.

कॅसेटप्रेमी

अवांतर: धातूची मुंडकी सीडीवर! माझ्या कॅसेटवर दगडाची होती. बरीच वर्षं मला वाटायचं की मित्राकडची सीडी नकली आहे. नंतर कळलं की दगडाची जोडी वेगळी बनवली होती आणि कॅसेटसाठी तीच वापरली.

अजून एक. 'क्लस्टर वन'च्या सुरुवातीला मिनिटभर नुसती चरचर आहे. ऱ्हिदम हाउसमधून घरी आणून टेपमध्ये घातली आणि वडील म्हणाले, "टेप खराब निघाली, परत कर." त्यांना थांबवेपर्यंत राइटचा पियानो सुरू झाला. मग तेही बसले ऐकत.

सातारची_सई

काका, हे वाचून कसलं छान वाटलं! काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा माझ्या मामाने घरात सुतक पाळलं होतं.

गिटारवाला_सांगली

आता निवांत लिहितो.

'मरून्ड' साडेपाच मिनिटांचं आहे आणि त्यात एकही शब्द नाही. १९९५ मध्ये याच तुकड्याला रॉक वाद्यसंगीताचं ग्रॅमी मिळालं. फ्लॉइडसारख्या बँडला स्पर्धेतून मिळालेलं ते एकमेव ग्रॅमी. ज्यांना हे 'एसीत झोपेचं संगीत' वाटतं त्यांनी एकदा गिटार हातात घेऊन पाहावी.

गिल्मोर यात व्हॅमी पेडल वापरतो. पायाने पेडल दाबलं की सूर सप्तकभर वर चढतो. बहुतेक वादक हे पेडल कर्कश परिणामासाठी वापरतात, सूर किंचाळवतात. हा मात्र आधी बोटाने तार ओढून बेंड घेतो, त्या बेंडच्या टोकाला पाय दाबतो आणि सूर वरच्या सप्तकात अलगद पोचवतो. आपल्याकडच्या मींडेसारखं. बोट आणि पाय यांचा वेळ एका केसाने चुकला तर सूर फाटतो. मी क्लासमध्ये मुलांना हा तुकडा शिकवतो तेव्हा पहिले काही आठवडे पेडल लावूच देत नाही. नुसता बेंड घ्या, वरच्या सुरावर थांबा, आता सूर हलवा. वेगात वाजवणारी मुलं इथे अडकतात, कारण लपायला जागाच नाही. खाली राइटचे स्वर अगदी सावकाश बदलतात आणि प्रत्येक कॉर्डवर गिल्मोर आधी ऐकतो, मग बोलतो.

'रोलिंग स्टोन'च्या परीक्षणाचा सूर असा होता की गिल्मोरला स्वतःलाच कंटाळा आलाय. कंटाळलेला माणूस असा वाजवत नाही हो. 'कमिंग बॅक टू लाइफ'च्या सुरुवातीला तर ताल नसतो, फक्त गिटार आणि खाली कीबोर्डचा धरून ठेवलेला सूर. आलापीच ती. आमच्या वेळी कॉलेजच्या प्रत्येक बँडमध्ये एकजण तरी तो तुकडा बसवत असायचा.

खरे_बोला

@गिटारवाला_सांगली, वादनाबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, तेवढा अधिकार नाही. पण समीक्षक बासरी-गिटारीची परीक्षा घेत नसतो. त्याच्यापुढे प्रश्न असतो: हा अल्बम का झाला?

तारखा बघा. अल्बम २८ मार्चला, आणि दौऱ्याचा पहिला कार्यक्रम ३० मार्चला मायामीत. युरोपात फोक्सवॅगन प्रायोजक, 'पिंक फ्लॉइड' नावाची गोल्फ गाडीसुद्धा काढली. ज्या बँडने 'मनी' आणि 'वेलकम टू द मशीन' लिहिलं तो बँड गाडी विकतोय, आणि समीक्षकाने ते पाहायचं नाही? गिल्मोरलाही पुढे त्याचा पस्तावा झाला आणि त्याने आपल्या वाट्याचे पैसे दान केले. म्हणजे टीकेत तथ्य होतंच ना?

मध्यलय

@खरे_बोला, गाडीबद्दलची टीका शंभर टक्के रास्त. ती दौऱ्यावर करा, जाहिरातीवर करा. पण मग 'वेअरिंग द इनसाइड आउट'चे गुण त्यात का कापायचे? राइट त्या गाण्यात जे सांगतोय ते बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं आहे. आतल्या आत मिटून गेलेला माणूस पुन्हा हळूहळू बोलू लागतो. त्याचा आवाज थकलेला आहे, काही जागी जवळजवळ पुटपुटतो. आणि त्यावर डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये वाजवणारा तोच पॅरी, इतक्या वर्षांनी. ही जुळवाजुळव तिकीट विकायला करत नाहीत. पुढे राइटने अँथनी मूरलाच सोबत घेऊन १९९६ मध्ये 'ब्रोकन चायना' हा स्वतःचा अल्बम केला, तोही नैराश्यावरच. म्हणजे त्या माणसाला खरोखर काहीतरी सांगायचं होतं. तुमची वॉटर्सकडून जी अपेक्षा, ती इथे राइटने पूर्ण केली.

गाणी कशी निवडली हेही सांगण्यासारखं आहे. प्रत्येकाने प्रत्येक तुकड्याला दहापैकी गुण द्यायचे ठरलं. राइटने स्वतःच्या सगळ्या तुकड्यांना दहा आणि बाकी सगळ्यांना शून्य दिलं. बाकीच्यांच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला!

सातारची_सई

आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेची गुणपत्रिका आठवली. राइटकाका झिंदाबाद.

कोडेबाज

धागा फ्लॉइडचा आणि पब्लियसचं नाव नाही? १९९४ च्या उन्हाळ्यात यूझनेटवरच्या (इंटरनेटवरचे तेव्हाचे चर्चागट) फ्लॉइड गटात 'पब्लियस' नावाने कुणीतरी लिहू लागलं की अल्बममध्ये एक कोडं दडलंय, सोडवणाऱ्याला बक्षीस आहे. लोकांनी पुरावा मागितला. त्याने आधी तारीख सांगितली, आणि १८ जुलैला न्यू जर्सीतल्या कार्यक्रमात स्टेजपुढच्या दिव्यांनी 'एनिग्मा पब्लियस' ही अक्षरं खरोखर उमटली! उत्तर आजवर जाहीर झालेलं नाही. मेसनने नंतर सांगितलं की ती रेकॉर्ड कंपनीची करामत होती.

नवखा_निमिष

मी या धाग्यावर वयाने सगळ्यात लहान असेन. माझा जन्म अल्बमनंतरचा. 'हाय होप्स' पहिल्यांदा फोनवर, हॉस्टेलमध्ये ऐकलं, आणि तिथून उलटा मागे गेलो. वॉटर्स कोण हे मला नंतर कळलं. खटला, भांडणं, कोण कुणाला काय म्हणालं, यातलं काहीच माहीत नसताना ऐकलंय मी.

तर त्या कानाने सांगतो. 'मरून्ड', 'पोल्स अपार्ट', राइटचं गाणं आणि 'हाय होप्स' थेट आत गेली. 'टेक इट बॅक' मला तेव्हाही यू-टूच्या गाण्यासारखं वाटलं आणि आजही वाटतं. 'व्हॉट डू यू वाँट फ्रॉम मी' दमदार आहे पण सारखं ऐकावंसं वाटत नाही. 'कीप टॉकिंग'मध्ये स्टीव्हन हॉकिंगचा यंत्राचा आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला. तो एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीतून घेतलाय हे कळल्यावरही काटा यायचा थांबला नाही, कारण ज्याला स्वतःचा आवाज उरला नाही तो माणूस 'बोला' म्हणतोय.

खरे_बोलाकाकांची शब्दांबद्दलची तक्रार मला अर्धी पटते. 'लॉस्ट फॉर वर्ड्स' मात्र मला वॉटर्सचं नाव माहीत नसतानाही कळलं होतं. समेटाचा हात पुढे करायचा आणि समोरच्याने शिवी हासडायची, हे घराघरात घडतं.

फेनकाठचा_जोशी

@निमिष, फार छान लिहिलंस. 'पोल्स अपार्ट'चं पहिलं कडवं बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेटला उद्देशून आहे आणि दुसरं वॉटर्सला, असं मानतात. बॅरेट तेव्हा केंब्रिजमध्येच राहायचा, सायकलवरून बाजारात जायचा.

नाना_कर्वेनगर

समीक्षेच्या मुद्द्यावर येतो. 'विश यू वेअर हिअर' १९७५ मध्ये आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'ने त्यालाही झोडपलं होतं. यांच्यात जीव उरला नाही, ओढूनताणून केलंय, असाच सूर होता. आज त्याच अल्बमला लोक देव्हाऱ्यात ठेवतात. म्हणजे वॉटर्स असतानाही समीक्षक असंच म्हणत होते! त्यामुळे मध्यलय यांचं निदान मला अपुरं वाटतं. मोठ्या बँडचा नवा अल्बम आला की समीक्षक त्याला आदल्या अल्बमशेजारी ठेवून मोजतो. त्याच्या हातात असतात दोन-चार दिवस. असलं सावकाश संगीत तेवढ्यात उलगडत नाही.

२००७ मध्ये वॉटर्स मुंबईला आला तेव्हा बीकेसीच्या मैदानावर अख्खी 'डार्क साइड' ऐकली. शब्द न् शब्द लोकांना पाठ. थोर कार्यक्रम झाला. पण गिटारचे सोलो सुरू झाले की माझं मन गिल्मोरला शोधत होतं. दोघंही एकमेकांशिवाय पूर्ण वाटत नाहीत, हे त्या दोघांनी कधी मान्य केलं नाही.

खरे_बोला

नाना, १९७५ चं उदाहरण चांगलं आहे, पण त्यातून उलटंही निघतं. 'विश यू'बद्दलचं मत काही वर्षांत पूर्ण फिरलं. 'डिव्हिजन बेल'बद्दल तीस वर्षांनंतरही 'चांगला आहे, पण' असंच बोलतात. तो 'पण' गेला का?

मृण्मयी_के

गेला नाही, पण बारीक झाला. २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर' आठवा. १९९३ च्या त्याच बैठकांतले उरलेले तुकडे घेऊन तो राइटसाठी केला. राइट २००८ मध्येच वारला होता. जवळपास सगळा वाद्यसंगीताचा, गायलेलं गाणं एकच. परीक्षणं पुन्हा संमिश्र, पण तो ऐकल्यावर अनेकांना 'डिव्हिजन बेल'मधला राइट नव्याने ऐकू आला. माझं तसंच झालं. 'क्लस्टर वन'मध्ये पियानो आणि गिटार आळीपाळीने एकमेकांना जागा देतात, ते मी आधी नुसतंच पार्श्वसंगीत म्हणून सोडून द्यायचे.

गिटारवाला_सांगली

+१. आणि 'हाय होप्स'चा शेवटचा लॅप स्टीलचा (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) सोलो संपल्यावर लगेच बंद करू नका. थोड्या शांततेनंतर फोनवरचा एक छोटा संवाद आहे. पलीकडे बँडचा मॅनेजर स्टीव्ह ओरूर्क, अलीकडे सॅमसनचा लहान मुलगा चार्ली, आणि पोरगं चक्क फोन ठेवून देतं. बोलत राहा म्हणणारा अल्बम असा संपतो.

खरे_बोला

हे मला माहीत नव्हतं. आज ऐकतो.

एक प्रस्ताव मांडतो. १९९४ ची एलपी एकाच तबकडीवर बसवायची म्हणून बरीच गाणी कापून छोटी केली होती. पूर्ण लांबीची दोन तबकड्यांची आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. माझा अंदाज, समीक्षकांनी ती छोटी एलपी ऐकली असती तर गुण वाढले असते. ६६ मिनिटांतली दहा-बारा मिनिटं जास्तीची आहेत.

नवखा_निमिष

काका, 'टेक इट बॅक' अख्खं काढा, 'मरून्ड'ला हात लावू नका.

मध्यलय

'मरून्ड' कापलेलंच आहे त्या एलपीवर! माझ्या थोरल्या भावाकडे ती तबकडी आहे. सूर वर चढून स्थिरावतो न स्थिरावतो तोच तुकडा आवरता घेतलाय, तेव्हा ती आवृत्ती मला मान्य नाही.

नाना, तुमचा १९७५ चा मुद्दा मला पटला. वॉटर्स नसणं हे एक कारण आणि घाई हे दुसरं, असं धरू. पण @खरे_बोला, तुमचा 'पण' घालवायचा असेल तर एकदा राइटच्या बाजूने ऐका. गिल्मोर बाजूला ठेवा, शब्द बाजूला ठेवा, फक्त कीबोर्ड. 'क्लस्टर वन', मग 'मरून्ड', मग 'वेअरिंग द इनसाइड आउट'. ऐकून झालं की इथेच लिहा, विरोधात असलं तरी चालेल.

खरे_बोला

रविवारी सकाळी. चांगल्या स्पीकरवर. 'टेक इट बॅक' सोडून.